काचेखालचा उन्हाळा

काचेखाली जर्मनी अजून हरलेली नाही. बल्गेरियाच्या लेचकोव्हनं पुढे झेपावून डोक्यानं मारलेला चेंडू अजून जाळ्यात शिरलेला नाही, इटलीचा बाजिओ अजून पेनल्टीच्या ठिपक्याकडे चालत निघालेला नाही, आणि कोलंबियाचा तो तरुण बचावपटू अजून कुठल्यातरी सरावाच्या मैदानाच्या कडेला, सकाळच्या कोवळ्या उन्हात बसून बुटांच्या नाड्या बांधतो आहे. लाकडी पाटावर रंगवलेलं हिरवंगार गवत आहे, नऊ शहरांचे नऊ दिवे आहेत, आणि १९९४ साल नुकतं उजाडलं आहे. फुटबॉलचा विश्वचषक जूनमध्ये सुरू होणार.

सगळं व्हायचं आहे.

‘वर्ल्ड कप सॉकर’ नावाचं हे पिनबॉल यंत्र शिकागोच्या विल्यम्स कंपनीनं बॅलीच्या नावानं बाजारात आणलं. जॉन पोपाड्युकनं त्याची आखणी केली, आणि अशी साडेआठ हजारांहून अधिक यंत्रं देशोदेशीच्या बारमध्ये, बोलिंग ॲलीत, विमानतळांवर जाऊन उभी राहिली. विश्वचषक पहिल्यांदाच अमेरिकेत भरणार होता. स्पर्धा सुरू होण्याआधी यंत्र बाजारात यायला हवं, म्हणून ज्यांनी ते घडवलं त्यांना निकाल ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. अंतिम सामन्यात खेळणाऱ्यासमोर कुणाला उभं करायचं? त्यांनी जर्मनीला उभं केलं. १९९० चा चषक त्यांचाच होता, मधल्या काळात दोन्ही जर्मनी एक झाले होते, आणि आता त्यांना कोण हरवणार, असंच तेव्हा सगळ्यांना वाटत होतं. त्या वाटण्यावर या यंत्रातला काळ थांबला. पुढे काय झालं याची वार्ता काचेच्या आत कधी पोचलीच नाही.

मी राहतो तिथून जवळ, शिकागोच्या एका उपनगरातल्या बारच्या मागच्या खोलीत असं एक यंत्र आहे. हिवाळ्यात बाहेर बर्फाचा राखाडी चिखल झालेला असतो, अंगावरच्या जाड कोटाला ओल्या लोकरीचा वास येत असतो, आणि दार ढकलून आत गेलं की त्या अंधाऱ्या खोलीच्या टोकाला हिरव्या-पिवळ्या उजेडाचं एक चौकोनी तळं दिसतं. जवळ जावं तसा प्रेक्षकांचा गलका कानावर येतो. दोन्ही तळहात यंत्राच्या कडांवर टेकवले, की आतली घरघर हाडांतून कोपरापर्यंत चढते. काचेत आधी आपलाच चेहरा दिसतो, मग नजर त्याच्या खाली उतरते आणि चेहरा विरघळून त्या जागी मैदान येतं.

चेंडू पोलादी आहे. ऐंशी ग्रॅमचा, आरशासारखा लख्ख. उजव्या कडेच्या अरुंद गल्लीतून तो वर सुटतो, माथ्याच्या कमानीला घासून वळतो, आणि वळला की त्या क्षणापासून त्याला खाली यायचं असतं. हा पाट खेळणाऱ्याच्या दिशेनं सहा-साडेसहा अंश उतरता असतो. तेवढ्या उतारावर सगळा खेळ उभा आहे. बंपर त्याला झिडकारतात, रॅम्प त्याला उचलून नेतात, गरगरणारा एक मोठा फुटबॉल त्याला भलत्याच दिशेला भिरकावतो, कपाळपट्टीवर नारिंगी ठिपक्यांचा पडदा आकडे उधळत राहतो, स्ट्रायकर नावाचा कुत्रा (त्या विश्वचषकाचं ते अधिकृत बोधचिन्ह) अमेरिकेच्या रंगांचे कपडे घालून जागोजागी हसत असतो. पण या सगळ्या रोषणाईच्या, गलक्याच्या, आर्जवांच्या खालून तो उतार आपला धीर धरून असतो, आणि चेंडू कितीही उंच गेला तरी त्याला ठाऊक असतं की तो परत येणार आहे.

येतोच.

तेव्हा खाली दोन फ्लिपर असतात. बोटभर लांबीचे, टोकाला निमुळते, रबरानं वेढलेले. १९४७ पर्यंत हेही नव्हते. ‘हम्प्टी डम्प्टी’ नावाच्या यंत्रात गॉटलिब कंपनीनं पहिल्यांदा ते बसवले. त्याआधी माणूस चेंडू सोडायचा आणि बघत उभा राहायचा. आपल्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत माजघरात बगाटेलचा पाट मांडून आम्हीही तेच करत होतो: स्प्रिंग ओढायची, गोळी सोडायची, आणि खिळ्यांच्या रानातून ती कुठल्या खळग्यात जाते ते श्वास रोखून पाहायचं. पिनबॉल त्याच कुळातला. पण फ्लिपर आले आणि माणसाला पहिल्यांदा उत्तर देता आलं. खाली येणाऱ्याला पुन्हा वर पाठवता आलं.

न्यूयॉर्क शहरात १९४२ पासून १९७६ पर्यंत पिनबॉलला बंदी होती. हा नुसता नशिबाचा जुगार आहे, असं महापौर ला ग्वार्दियांचं म्हणणं, आणि यंत्रं घणानं फोडून टाकतानाची त्यांची छायाचित्रं आहेत. बंदी उठली ती रॉजर शार्प नावाच्या तरुण लेखकामुळे. नगर परिषदेसमोर मांडलेल्या यंत्रावर तो खेळला. चेंडू आता मधल्या वाटेनं खाली येईल, असं आधी सांगून त्यानं दांडी ओढली, आणि चेंडू मधल्या वाटेनं खाली आला. मला त्या खोलीतल्या शांततेचं फार कुतूहल वाटतं. दांडी सुटली आहे, चेंडू अजून वर आहे, कौशल्य संपलं आहे आणि नशीब सुरू व्हायचं आहे. पेनल्टी मारणाऱ्याचा पाय चेंडूला लागतो आणि चेंडू जाळ्याशी पोचतो, त्या मधल्या वेळात तसंच काहीतरी भरून असतं.

या यंत्रातला गोल पाटाच्या वरच्या अंगाला आहे. त्याच्या तोंडाशी गोलरक्षक. पातळ प्लास्टिकचा, चित्रातला माणूस, हात पसरलेला. त्याला चेंडू दिसत नाही. खालची मोटर त्याला डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नेत असते आणि तो जात असतो. खाली आलेला चेंडू उचललेल्या फ्लिपरवर अलगद अडवता आला, तर तो फ्लिपर आणि कडेची पट्टी यांच्या खाचेत झोळीत निजलेल्या लेकरासारखा डुलत डुलत स्थिर होतो. सगळा गोंगाट चालू असतो आणि चेंडू निवांत असतो. मी त्याच्यावर पडलेले दिव्यांचे ठिपके पाहतो. गवत, रॅम्पची कमान, माझी वाकलेली सावली, सगळं त्या इवल्या गोलाईत मावलेलं असतं. मग बोट सैल सोडायचं. फ्लिपर खाली येतो, चेंडू त्याच्या बुडापासून टोकाकडे घरंगळू लागतो. बुडाशी असतानाच मारला तर तो त्याच बाजूनं वर जातो. टोकाशी येऊ दिला तर पलीकडे झेपावतो. या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, गव्हाच्या दाण्याएवढ्या जागेत, गोलची वाट आहे. नजर एकदा चेंडूवर, एकदा गोलरक्षकावर. तो सरकतो आहे, हा घरंगळतो आहे, आणि दोघांचे दोन वेग माझ्या एका बोटात येऊन भेटतात.

कधी प्लास्टिकवर कडक टणत्कार होतो आणि चेंडू दुप्पट वेगानं अंगावर येतो. कधी तो गोलरक्षकाच्या कुशीतून आत जातो, आणि मग आतला माणूस जो ‘गोऽऽऽल’ ओरडतो, तो सगळ्या खोलीत भरून राहतो.

इथं चेंडू गोलवरून जाऊ शकत नाही. वर काच आहे.

ती काच पाहिली की मला १९९४ च्या जुलैमधली कोल्हापुरातली ती रात्र आठवते. लॉस एंजलिसजवळच्या पासाडेनात, रोझ बोलवर, भर दुपारचं ऊन होतं. आमच्याकडे रात्रीचा एक वाजून गेला होता आणि पाऊस धरून होता. आमच्या गावाला फुटबॉलचं वेड जुनं. पेठापेठांच्या तालमींचे संघ, शाहू स्टेडियमवरच्या लढती, पाटाकडील आणि शिवाजीचा सामना असला की घरात जेवणं लवकर उरकायची, आणि विश्वचषक आला की ज्या देशांचं नाव धड उच्चारता येत नाही त्यांचे झेंडे गल्लीगल्लीत. तालमीच्या दारात टेबलावर टीव्ही ठेवला होता, त्याच्यावर प्लास्टिकचा कागद धरला होता, आणि आम्ही पोरं गोणपाटावर दाटीवाटीनं बसलो होतो. एकशे वीस मिनिटांत कुणालाच गोल करता आला नाही. मग पेनल्टी. इटलीला तिथवर ज्यानं आणलं होतं, नायजेरियाविरुद्ध दोन, स्पेनविरुद्ध एक, बल्गेरियाविरुद्ध दोन असे पाच गोल ज्यानं एकामागून एक केले होते, तो रोबेर्तो बाजिओ शेवटी आला. डोक्यामागे ती छोटी वेणी. त्यानं मारलं, आणि चेंडू आडव्या खांबावरून वर, प्रेक्षकांकडे, त्या पांढऱ्या उन्हात निघून गेला.

पेठ ब्राझीलची होती. एकच जल्लोष उसळला, कुणीतरी शिट्ट्या मारल्या, कुणी पावसात नाचायला धावलं. तालमीचे म्हातारे वस्ताद तेवढे टीव्हीसमोरून हलले नाहीत. पडद्यावर बाजिओ कमरेवर हात ठेवून खाली मान घालून उभा होता आणि त्याच्यामागे पिवळे सदरे धावत सुटले होते. वस्ताद हळूच म्हणाले, “पोरगं एकटं पडलं रे.”

त्या वाक्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. गोलरक्षकाच्या बाजूनं चेंडू निसटून माझ्याकडे परत येतो तेव्हा मला बरं वाटतं ते यासाठी. परत येणारा चेंडू एकटा पाडत नाही. तो तुम्हाला कामाला लावतो.

यंत्राची निगा राखायला एक वयस्क कारागीर येतात. एका दुपारी बार रिकामा असताना त्यांनी काच सरकवून काढली, आणि ती दूर झाल्यावर आतलं जग अचानक लहान आणि आपल्यातलं झालं. धुळीचा, तापलेल्या वायरींचा, जुन्या मेणाचा वास वर आला. गोलसमोरचं रंगीत गवत वर्षानुवर्षांच्या चेंडूंनी झिजलं होतं आणि त्या जागी खालचं लाकूड उघडं पडलं होतं, अगदी कुठल्याही मैदानावर गोलसमोरची माती उघडी पडते तसं. त्यांनी मऊ फडक्यानं ती जागा पुसली आणि मग सगळा पाट पेटीच्या झाकणासारखा उचलून टेकवला. खालच्या अंगाला वायरींच्या जाड जुड्या, तांब्याच्या तारेची वेटोळी, प्रत्येक दिव्याचं उलटं बूड. गोलरक्षकाखालची मोटर अंगठ्याच्या पेराएवढ्या दांडीनं त्याला ढकलत होती. कोपऱ्यात मला ओळंबा दिसला. खरा ओळंबा, गवंड्याकडे असतो तसाच टोकदार, एका धातूच्या कड्यात लोंबकळत ठेवलेला.

त्या ओळंब्याला टिल्ट म्हणतात. १९३० च्या दशकात हॅरी विल्यम्स, ज्यांच्या नावाची ही कंपनी, यांनी ही युक्ती पहिल्यांदा बसवली, कारण लोक यंत्र उचलून, हलवून चेंडू हवा तिकडे नेत होते. जरासा धक्का चालतो. चांगला खेळणारा मनगटानं, कुल्ह्यानं, तळहाताच्या टाचेनं यंत्राला हलकेच ढोसत असतो आणि पडणारा चेंडू केसभर सरकवून वाचवतो. खेळाचा अर्धा जीव त्यातच आहे, असं मी म्हणेन. पण धक्का जास्त झाला की ओळंबा डोलून कड्याला टेकतो. आधी इशारे मिळतात. मग एकदम फ्लिपर निर्जीव होतात, दिवे मालवतात, आणि चेंडू तुमच्या डोळ्यांदेखत, सावकाश, कुणी न अडवता उताराला लागतो. बटण दाबत राहिलं तरी खालून काही उत्तर येत नाही. एखाद्या गोष्टीवर फार जीव टाकला की हात किती जड होतो, ते मला त्या ओळंब्यानं शिकवलं.

आणि ते नऊ दिवे. खेळ शिकागोहून निघतो, एकेक शहर जिंकत लॉस एंजलिसला पोचतो. मध्ये डॅलस, बॉस्टन, न्यूयॉर्क, ऑरलँडो, वॉशिंग्टन, सॅन फ्रान्सिस्को, डेट्रॉइट. मी त्या दिव्यांकडे पाहतो तेव्हा मला त्यांच्यामागची मैदानं दिसतात. बॉस्टनच्या दिव्यामागचं फॉक्सबरो स्टेडियम २००२ मध्ये पाडलं. न्यूयॉर्कच्या दिव्यामागचं जायंट्स स्टेडियम, खरं तर नदीपलीकडे न्यू जर्सीत, तिथंच १० जुलैला बल्गेरियानं जर्मनीला घरी पाठवलं. आधी स्तोइच्कोव्हची फ्री किक, मग तीनच मिनिटांत लेचकोव्हचं डोकं. ते मैदान २०१० मध्ये गेलं. त्याच्या शेजारी उभं राहिलं मेटलाइफ स्टेडियम, आणि २०२६ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना ठरला तो तिथंच. डेट्रॉइटच्या दिव्यामागे पोंटिॲकचं सिल्व्हरडोम होतं, छताखालचं. विश्वचषकाचा सामना छताखाली खेळला गेला तो तिथं पहिल्यांदा, आणि त्यासाठी मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या लोकांनी षट्कोनी तबकांत गवत वाढवून, ती तबकं एकमेकांना जोडून आख्खं मैदान आत अंथरलं होतं. २०१७ मध्ये स्फोटकं लावून तेही पाडलं. त्या तबकांतल्या गवताचा मी पुष्कळदा विचार करतो. जून महिना, बाहेर ऊन, आत दिव्यांचा पिवळा उजेड, आणि उन्हात वाढलेलं ते ओलं हिरवं गवत छताखाली आपली मुळं सांभाळून पाहुण्यांची वाट पाहत पसरलेलं.

मैदानं गेली. दिवे लागतात.

एक गोष्ट मात्र मला या यंत्रापाशी उभं राहिल्याशिवाय कधी कळली नसती. कोलंबियाचा आंद्रेस एस्कोबार. २२ जूनला रोझ बोलवर अमेरिकेविरुद्ध खेळताना आडवा आलेला पास अडवायला त्यानं पाय लांबवला आणि चेंडू त्याच्याच गोलात गेला. कोलंबिया हरली, स्पर्धेबाहेर पडली, आणि दहा दिवसांनी मेदेयीनमध्ये त्याला गोळ्या घालून मारलं. तेव्हा वर्तमानपत्रात आलेला तो फोटो, गवतावर उताणा पडून आकाशाकडे पाहणारा तो देखणा माणूस, मी कापून वहीत ठेवला होता. अनेक वर्षं तो फोटो मला फक्त भीतीचा वाटायचा. पिनबॉलमध्ये मात्र प्रत्येक चेंडू शेवटी आपल्याच बाजूला, आपल्याच फ्लिपरांना चुकवून जातो. जगातला सर्वांत निष्णात खेळाडू असो, त्याचाही. पाय लांबवला, पोचला नाही, किंवा पोचला आणि चुकीच्या बाजूनं लागला; चेंडू खाली. यंत्र क्षणभर थांबतं, मिळवलेले गुण मोजून पदरात टाकतं, आणि उजव्या गल्लीत खळ्ळकन आवाज होतो.

पुढचा चेंडू.

मला वाटतं, खेळ नावाच्या गोष्टीनं माणसाला एवढंच द्यायला हवं होतं. एस्कोबारला तेवढं मिळालं नाही, याचं दुःख इतक्या वर्षांनीही त्या हिरव्या पाटावर वाकलेलं असताना माझ्या घशाशी येतं, आणि त्या काचेखाली तो अजून जिवंत आहे, त्याची स्पर्धा अजून सुरू व्हायची आहे, एवढ्यानं हात पुन्हा बटणांवर जातात.

माझा पुतण्या शिकायला इकडे आला तेव्हा त्याला मी त्या खोलीत घेऊन गेलो. शाळेपासून पेठेच्या संघातून खेळलेला, गुडघ्यावर शाहू स्टेडियमच्या मातीच्या खुणा असलेला. जन्म त्या विश्वचषकानंतर कितीतरी वर्षांचा, तरी जुने निकाल त्याला तोंडपाठ. आमच्याकडे ते घरातून येतात. त्यानं काचेवर नाक टेकवून सगळं बारकाईनं पाहिलं. कुत्रा आवडला. गोलरक्षकाला त्यानं काही वेळ नुसतं निरखलं, त्याच्या येण्याजाण्याचा ताल ओठांतल्या ओठांत मोजला. त्या संध्याकाळी खेळता खेळता लॉस एंजलिसचा दिवा लागला. अंतिम सामना सुरू झाला, एकामागून एक चेंडू पाटावर सुटले, गर्दीचा आवाज चढला, आणि तो माझ्या खांद्याशी येऊन ओरडला, “काका, जर्मनी कशी काय फायनलला? ती तर बल्गेरियाकडनं हारली की!”

“अजून नाही हारली,” मी म्हटलं. “तू ये इकडं. डावा फ्लिपर तू घे.”

तो आला. उजवं बटण माझ्याकडे, डावं त्याच्याकडे. चेंडू कुठून कुठे जात होते कळेना. एक रॅम्पवर, एक बंपरांत अडकलेला, दोन एकदम खाली. “तुझा, तुझा!” मी ओरडायचो, “सोड, येऊ दे!” तो ओरडायचा, आणि पडद्यावर जर्मनीचा आकडा वाढत होता. शेजारच्या टेबलावरची दोन माणसं ग्लास हातात घेऊन उठून आली. पुतण्यानं एक चेंडू फ्लिपरवर अडवून धरला, त्या सगळ्या धुमश्चक्रीत स्थिर धरला, गोलरक्षकाला एकदा जाऊ दिलं, परत येऊ दिलं, आणि मारला.

“आत!” तो म्हणाला. “काका, बघा बघा, दुसरा आला, तुमच्याकडं, मारा!”